दोन वर्गखोल्यांमधली भिंत : भरतीची मुलं, त्यांचे पालक आणि एक गटवर्ग

हे प्रकरण २०२३ च्या गणपतीनंतरचं, सातारा तालुक्यातलं आहे. ज्या मुलाबद्दल हे आहे त्यानं आणि त्याच्या आईनं लिहायला संमती दिली. मजकूर वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही सुचवल्या, त्या केल्या आहेत. नावं, वस्त्या आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मुलाला इथे सूरज म्हणू.

पार्श्वभूमी

साताऱ्यात कुणी "भरतीचं करतोय" म्हटलं की "कसल्या भरतीचं?" असं कोणी विचारत नाही, ती लष्कराचीच असते. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथे सुरू झाली. अपशिंगे गावच्या नावापुढे लोक 'मिलिटरी' लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. इतर गावांची अशी नोंद दगडावर कोरलेली नसेल, पण मराठा लाइट इन्फंट्रीच्या गणवेशातला आजोबांचा फोटो घरोघरी आहे. बारावी झाली की मुलगा भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी लावतो. पहाटे साडेचारला रस्त्याच्या कडेनं पळणाऱ्या पोरांच्या अंगावर मोटारींचे दिवे पडतात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, एवढं एकच गणित त्या दोन-तीन वर्षांत डोक्यात असतं.

त्यात कोरोना आला आणि लष्कराची भरती ठप्प झाली. मुलांची वयं मात्र वाढत राहिली. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली : वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, त्यातले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम. रखडलेल्या मुलांसाठी त्या एका वर्षापुरती वयाची अट २३ केली गेली. 'त्या एका वर्षापुरती' हे शब्द अनेक घरांपर्यंत पोचलेच नाहीत. तेवीस हा आकडा तेवढा लक्षात राहिला. सूरजच्या घरी जे झालं त्याचं मूळ बऱ्याच अंशी या आकड्यात आहे.

सूरजनं २०२२ च्या मेळाव्यात ग्राउंड काढलं, मेडिकल काढलं. लेखी परीक्षेनंतर मेरिटला नाव आलं नाही. २०२३ ची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा ऑनलाइन परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम बदलला होता. वयाची अट पुन्हा एकवीसवर आली होती. सूरज बावीसचा होता. म्हणजे दार बंद झालं होतं, आणि हे घरात फक्त त्यालाच माहीत होतं.

आमच्याकडे विषय कसा आला

मी साताऱ्यात समुपदेशनाचं काम करते. मुलं, कुमारवयीन, पालक यांच्यासाठी छोटे गटवर्ग घेते. माझ्याबरोबर एक सहकारी आहेत, समाजकार्य शिकलेले, त्याच पट्ट्यातले. त्यांच्या ओळखीनं एक निवृत्त हवालदार आमच्याकडे आले. ते एका मोठ्या गावाच्या कडेला अकॅडमी चालवतात आणि सगळे त्यांना मेजर म्हणतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात होतं. "मॅडम, पोरं खचल्यात. वय गेलेली दोघं-तिघं यायची बंद झाली. एकानं भिंतीवर हात आपटून घेतला. एक जोरदार मोटिवेशनचं लेक्चर द्या."

त्यांची काळजी खरी होती. बोलताना ते टोपीची कड सारखी दुमडत होते. पण जो मुलगा आपण कमी पडलो म्हणून आधीच स्वतःला खातोय, त्याला 'अजून जोर लाव' म्हणणारं भाषण ऐकवून काय होणार?

समोरचे पर्याय

भाषण द्यायचं नाही हे लगेच ठरलं. एकेकट्यानं समुपदेशन हा दुसरा पर्याय होता, पण आमच्या खोलीचा जिना चढायला ती मुलं तयार नव्हती. मेजर म्हणाले, "वेड्याच्या डॉक्टरकडं चाललाय म्हणतील." तिसरा पर्याय फक्त मुलांचा गट घेण्याचा होता. तो सोपा होता, पण मूल दीड तास गटात मोकळं होतं आणि उरलेला आठवडा त्याच घरात काढतं. म्हणून चौथा निवडला : आठ रविवार, रोज दीड तास, शाळेच्या दोन शेजारशेजारच्या वर्गांत एकाच वेळी दोन गट. एकात मुलं, दुसऱ्यात पालक. शेवटचे दोन रविवार सगळे एकत्र.

मुलांचा गट नऊ जणांचा ठेवला. अशा गटाला सहा ते दहा माणसं ठीक पडतात. त्याहून कमी असली तर एकेकावर फार नजर राहते आणि जास्त झाली की मागच्या बाकावर लपता येतं. गट बंद ठेवला, म्हणजे मध्येच नवा कोणी घ्यायचा नाही.

एक निर्णय आम्ही फारसा विचार न करता घेतला. वय शिल्लक असलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं आणि वय गेलेली मोठी मुलं एकाच गटात बसवली. गावात ती एकत्रच पळतात, मग इथे वेगळी का, असं वाटलं.

पहिले तीन रविवार

पहिल्या रविवारी मेजर मुलांच्या गटात बसले. "मी असलो की शिस्त राहील," म्हणाले. शिस्त भलतीच राहिली. नऊही मुलं ताठ बसून "सगळं ठीक आहे, सर" म्हणत होती. दुसऱ्या रविवारी त्यांना पालकांच्या खोलीत बसायची विनंती केली. तिथे दुसरीच अडचण झाली. अकॅडमीची फी त्यांनाच द्यायची असल्यानं त्यांच्यासमोर पैशाबद्दल कोणी बोलेना, आणि पालकांच्या पोटात मुख्य विषय तोच होता. कुणी सोसायटीतून उचललेले, कुणी मेव्हण्याकडून घेतलेले. तिसऱ्या रविवारी मेजरांना दोन्ही खोल्यांबाहेर ठेवलं आणि त्यांच्याशी दर बुधवारी स्वतंत्र बोलायचं ठरवलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

दुसरी चूक वेळेची. ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणी. सकाळी दहाला पालक कुठून येणार? पहिल्या रविवारी अकरा आले, दुसऱ्या रविवारी चार. मग डेअरीला दूध घालून झाल्यावर, संध्याकाळी साडेसातची वेळ ठरवली. तेव्हा आया येऊ लागल्या. वडील एक-दोघेच. सूरजचे वडील पहिल्या रविवारी आले होते, नंतर नाही.

मुलांच्या खोलीत तिसऱ्या रविवारपासून गाडी रुळावर आली. आल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतला एक साधा भेद आम्ही फळ्यावर मांडला : इच्छा आणि हट्ट. 'मला भरती व्हायचंय' ही इच्छा. 'मी भरती झालोच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट. इच्छा मोडली की वाईट वाटतं, हट्ट मोडला की माणूसच मोडतो. एका मुलानं विचारलं, "पण मॅडम, हट्ट नसला तर पहाटे चारला उठवेल कोण?" प्रश्न रास्त होता आणि त्यावर अर्धा तास गेला. शेवटी त्यांच्यातलाच एक म्हणाला की हट्टानं पळताना पाय आखडतात, साडेपाचाच्या पुढं वेळ जाते ती त्यामुळंच. शरीराच्या भाषेत सांगितलं की या मुलांना लगेच कळतं, हे आम्ही तिथून उचललं.

अर्विन यालोम या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं गटात माणसाला बरं कशानं वाटतं याची यादी केली होती. त्यात 'हे फक्त माझंच नाही' हे कळणं फार वर आहे. त्या रविवारी ते डोळ्यांसमोर घडलं. वय गेलेल्या एकानं सांगितलं की लग्नकार्यात "काय रे, झालं का भरतीचं?" विचारतील म्हणून तो पंगतीला न थांबता घरी जातो. पाच जणांनी माना डोलावल्या. सूरजनं मान डोलावली नाही. तो बुटाच्या नाडीची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत होता.

मिश्र गटाचा दुष्परिणामही त्याच दिवशी दिसला. मोठ्यांची हकिगत ऐकून सतरा वर्षांचा एक मुलगा पांढरा पडला. पुढच्या रविवारी तो आला नाही, अकॅडमीही सोडली. त्याच्या वडिलांनी फोन करून आम्हाला चार शब्द सुनावले. त्यांचं सगळंच चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही.

चौथा रविवार, पालकांची खोली

त्या संध्याकाळी पालकांच्या खोलीत सात आया आणि एक वडील होते. विषय झोपेचा होता. पोरं नीट झोपतात का, जेवतात का. सूरजच्या आई इतके दिवस ऐकण्याचं काम करत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "माझा पळायलाच जात न्हाय."

कुणीतरी विचारलं, कशावरून.

"पळून आलेल्या पोराचा टीशर्ट वाळला की पाठीवर पांढरं मीठ उमटतं. धुताना हाताला चरचरीत लागतं. दोन वर्षं धुतेय मी. आता जूनपासनं मीठच न्हाय. टीशर्ट वला असतो, पण नुसत्या पाण्यानं वला. वास बी येत न्हाय."

खोलीत कोणी हललं नाही. मग त्यांनी उरलेलं सांगितलं. एका पहाटे त्या मागोमाग गेल्या होत्या. सूरज फाट्यावरच्या एसटीच्या पिकअप शेडमध्ये अंधारात बसला होता. उजाडायला लागल्यावर उठला, शेजारच्या हापशावर गेला, टीशर्ट भिजवून पिळला, अंगात घातला आणि घराकडे पळत निघाला. त्या आडवाटेनं आधी घरी पोचल्या आणि चुलीपुढे बसून राहिल्या. हे त्यांनी नवऱ्याला सांगितलं नाही आणि मुलालाही कळू दिलं नाही. "बोलले तर काय करंल पोरगं, याची भीती वाटती," एवढंच म्हणाल्या.

शेजारच्या वर्गात, दीड फुटाच्या भिंतीपलीकडे, सूरज बसला होता. त्यानं यातलं एक अक्षर आजवर गटात उच्चारलं नव्हतं.

आता करायचं काय

त्या रात्री आम्ही दोघं साताऱ्याला परतताना गाडीत याच्यावरच बोलत होतो. माझ्या लेखी सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे.

पालकांच्या खोलीत मी होते, मुलांच्या खोलीत सहकारी. पहिला पेच हाच की मी त्यांना सांगावं का. आम्ही दोघं मिळून दोन्ही गटांना जबाबदार, म्हणून सांगितलं. पण ज्या क्षणी सांगितलं त्या क्षणी मुलांच्या खोलीतला माणूसही गुपित पोटात घेऊन बसणार होता. सूरजकडे बघताना त्यांची नजर आधीसारखी राहणार नव्हती आणि अशी मुलं नजर फार पटकन ओळखतात.

चार वाटा दिसत होत्या. सूरजला एकट्याला बोलावून 'आईला माहीत आहे' असं सांगणं. त्यात आईनं गटात टाकलेला विश्वास मोडत होता. काहीच न करता त्यानं आपणहून बोलायची वाट पाहणं. त्यात वेळ जाणार होता आणि आईच्या शेवटच्या वाक्यातली भीती नजरेआड करता येत नव्हती. तिसरी वाट म्हणजे मुलांच्या गटात 'घरच्यांपासून लपवलेल्या गोष्टी' असा विषय आडून काढणं. ही मला पटली नाही. माहीत असून न माहीत असल्यासारखा प्रश्न विचारणं म्हणजे सापळा लावणं, आणि पुढे ते कळलं की मुलगा पुन्हा कधी आपल्यापुढे बसत नाही. चौथी, आईनंच त्याच्याशी बोलावं आणि तिला त्यासाठी आम्ही तयार करावं.

सूरज सज्ञान होता हेही ध्यानात ठेवायचं होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि जिवाला धोका दिसत असेल तर त्याला अपवादही ठेवला आहे. धोका आहे की नाही, हेच आम्हाला माहीत नव्हतं. आईला भीती होती. मुलाला आम्ही त्याबद्दल थेट विचारलंच नव्हतं. गट सुरू होण्याआधी एकेकाशी वीस मिनिटं बोलून त्यात हा प्रश्न सरळ विचारला असता तर त्या रात्री आम्ही असे चाचपडलो नसतो. मरणाचे विचार येतात का असं विचारल्यानं ते विचार मनात घुसत नाहीत, उलट सांगायला वाट मिळते. हे मी इतरांना शिकवते. या गटात मीच ते केलं नव्हतं.

आम्ही चौथी वाट धरली. दुसऱ्या दिवशी आईंशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या, "मला हा आठवडा द्या. शनिवारी हे बाजारला जात्यात, तवा बोलते." आम्ही हो म्हटलं.

काय बिघडलं

आठवडा मिळाला नाही. गुरुवारी डेअरीवर रांगेत दूध घालताना एका मुलानं सूरजला हसत विचारलं, "काय, हापशावर सराव चालू हाय म्हणं?"

त्या मुलाची काकू आमच्या पालकांच्या खोलीत होती. तिनं वाईट हेतूनं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. घरी जाऊन जावेला सांगितलं, "बिचारी कसं सोसत असंल," असंच म्हणून सांगितलं असेल. जावेच्या मुलानं ऐकलं.

पाचव्या रविवारी सूरज आला नाही. फोन बंद होता. सहकारी म्हणाले, पहाटे फाट्यावर जाऊन भेटू का. आम्ही त्यावर बराच विचार केला आणि नको ठरवलं. ती शेड त्याची उरलेली एकमेव जागा होती. तिथेही कोणी पोचलं तर तो आणखी लांब कुठे जाईल, याची मला जास्त धास्ती होती. त्याऐवजी आई त्याच्यावर लक्ष ठेवून आहेत ना याची खात्री केली, त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला, आणि रात्री त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्या आवाजात निरोप पाठवला. त्यात समजावणं काही नव्हतं. 'आमच्या गटातून तुझी गोष्ट बाहेर गेली. ही आमची चूक आहे, तुझी नाही. तुला वाटेल तेव्हा, वाटेल तिथे भेटेन,' एवढंच.

दोन दिवसांनी उत्तर आलं. "मॅडम आई रडली का तिथं?"

पुढचे पंधरा दिवस

तो साताऱ्याला आला, पोवई नाक्याजवळच्या आमच्या खोलीवर. जिना चढून आला, ज्या जिन्याबद्दल मेजर बोलले होते. त्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेलो असतो तर बरं, असं वाटतं कधीकधी. करायचं काही ठरवलेलं न्हाय. आप्पांचे (वडिलांचे) पैसे तेवढे वाचले असते." नैराश्य किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू प्रश्नावली भरून घेतली. उदासीनता मध्यम पट्ट्यात होती. त्याच्या संमतीनं त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची भेट घडवली. त्यांनी औषध लगेच सुरू केलं नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, फोन न करता नुसतं कुणाजवळ जाऊन बसायचं, याची तीन नावं त्यानं स्वतः कागदावर लिहिली. तिसरं नाव मेजरांचं होतं.

वयाची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा बाहेर आली. आईला पळायचं तेवढं माहीत होतं, दार कायमचं बंद झाल्याचं नव्हतं. आप्पा तर अजून तेवीसचा आकडा धरून बसले होते. "अजून एक चान्स हाय" असं पाहुण्यांना सांगत होते. मेजरांना त्यानं सांगितलं होतं की पोलीस भरतीचं करतो आणि गावातच पळतो. प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं सांभाळता सांभाळता तो थकला होता. पळण्यापेक्षा ते न पळणंच जास्त दमवत होतं, असं तो म्हणाला.

आप्पांना कोण सांगणार? आम्ही एकत्र बैठकीत सांगायचं सुचवलं. सूरज म्हणाला, चारचौघांत नको, एकदा चारचौघांत गेलंय. त्याचं ऐकलं हे बरं झालं. त्यानं गोठ्यात, संध्याकाळच्या धारेच्या वेळी, स्वतः सांगितलं. आई दाराशी उभ्या होत्या. आप्पांनी धार संपेपर्यंत मान वर केली नाही. मग कासंडी बाजूला ठेवून म्हणाले, "उद्यापासनं पाचला धारंला ये. उठतोसच की."

सूरजनं हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, राग आला का. म्हणाला, "न्हाय. हलकं वाटलं. मला वाटलं ते बोलायचंच बंद करतील."

आप्पांचा राग आईवर निघाला. "तुला माहीत होतं आन तू गप्प बसलीस?" हे भांडण महिनाभर धुमसत राहिलं. सूरजही आईशी नीट बोलेना. तिनं बायकांत सांगितलं, हे त्याच्या मनातून जाईना. आम्ही तिघांच्या दोन बैठका वेगळ्या घेतल्या. त्यातल्या दुसऱ्या बैठकीत आई म्हणाल्या, "घरात सांगायची सोय असती तर बाहेर कशाला बोलले असते?" आप्पांनी याला उत्तर दिलं नाही. पण त्यानंतर ते बोलले ते तिच्याकडे बघून.

निष्पत्ती

गटाचे शेवटचे दोन एकत्र रविवार दिवाळीनंतर झाले. नऊपैकी सहा मुलं शेवटपर्यंत टिकली. एक सतरा वर्षांचा मी वर सांगितला तो, एकाला कामासाठी पुण्याला जावं लागलं, आणि एक का गेला ते त्यानं सांगितलं नाही. आयांपैकी ती काकू सातव्या रविवारी येऊन सूरजच्या आईंजवळ बसली. माफी मागितली की नाही मला माहीत नाही, पण बसली.

सूरज शेवटच्या दोन्ही रविवारी आला. बोलला फारसं नाही. सहा महिन्यांनी भेटला तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला होता, पहाटे धारेला उठत होता आणि प्रश्नावलीतले आकडे सौम्य पट्ट्यात आले होते. पोलीस भरतीचा अर्ज भरावा म्हणून मेजर मागे लागले होते. त्यानं भरला नाही. "आता कुणी पळायला लावलेलं नको," म्हणाला. आईशी पूर्ववत झालंय का विचारल्यावर म्हणाला, "व्हतंय."

मेजरांनी अकॅडमीत एक बदल केला. प्रवेशाच्या वेळीच मुलाची जन्मतारीख आणि त्यानुसार उरलेल्या संधी कागदावर लिहून पालकांची सही घेतात. तेवीसच्या आकड्याचा घोळ त्यांच्याकडे तरी मिटला.

पुन्हा करायचं झालं तर

वय शिल्लक असलेले आणि वय संपलेले वेगळे बसवीन, निदान पहिले चार रविवार. गटाआधी एकेकाशी बोलेन आणि जिवाबद्दलचा प्रश्न तेव्हाच विचारीन. काढणी-मळणीचं वेळापत्रक गावाला विचारून घेईन.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या रविवारी मुलांच्या खोलीत 'इथलं इथंच' या नियमावर आम्ही चाळीस मिनिटं घालवली होती. कोणाला सांगायचं नाही, मित्राला सांगायचं नाही, चेष्टेत काढायचं नाही, नाव न घेताही सांगायचं नाही. उदाहरणं घेऊन बोललो, प्रत्येकाकडून वदवून घेतलं. त्या नऊ मुलांकडून शेवटपर्यंत काही फुटलं नाही. पालकांच्या खोलीत हाच नियम मी दोन मिनिटांत उरकला. मोठी माणसं आहेत, त्यांना काय सांगायचं, असं मनात होतं. गुपित फुटलं ते तिथून.

आणि दोन खोल्यांमधल्या भिंतीबद्दल आमच्याकडे नियमच नव्हता. एका खोलीत आलेलं दुसऱ्या खोलीत कधी जाईल, कोण नेईल, दोन्ही खोल्यांतले ताई-सर आपसात काय बोलतील, हे दोन्ही गटांना समोरासमोर पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता आम्ही ते सांगतो : आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो. तुमचं बोलणं तुमच्या मुलापर्यंत किंवा आईबापांपर्यंत आम्ही नेत नाही. जिवाला धोका वाटला तर गप्प बसत नाही, पण आधी तुम्हाला सांगून मगच पुढे जातो.

पुढचा गट २०२४ च्या मार्चमध्ये दुसऱ्या गावात घेतला. पालकांच्या खोलीत चाळीस मिनिटं फक्त या नियमासाठी ठेवली. एका आईनं विचारलं, "मॅडम, नवऱ्याला सांगितलं तर चालतं का?" मी नाही म्हटलं. दुसरी म्हणाली, "न्हाय सांगितलं तर तो विचारल की, दीड तास काय केलंस म्हणून." तिसरी म्हणाली, मग स्वतःपुरतं सांगायचं, दुसरीचं न्हाय. चौथीला ते पटलं नाही. चाळीस मिनिटं संपली, झोपेचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, आणि आम्ही तो पुढच्या रविवारवर टाकला.